डीपर्यंतचं इंग्रजी

माझं इंग्रजी ए, बी, सी आणि डी या चार अक्षरांत श्रीमंत आहे. पुढे सगळी टंचाई. ‘अबॅन्डन’, ‘अबेट’, ‘अब्डिकेट’, ‘अब्स्टेन’ हे शब्द मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण ‘यॉन’ म्हणजे जांभई हे मला पंचविशीत कळलं, तेही एका वेबसिरीजच्या सबटायटलमध्ये.

कारण साधं आहे. दहावीच्या सुट्टीत मी इंग्रजी-मराठी शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करायला घेतला होता. रोज दहा शब्द. कोश खिशात मावेल एवढा, जुना, आबांनी तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या रद्दीवाल्याकडून आणलेला. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कोशाला खाकी कव्हर घातलं आणि तो बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. रात्री जेवणं झाली की म्हणायचे, “घे, आजचे दहा.” मी वाचायचो, ते ऐकायचे. कोशात वीस हजार शब्द आहेत असं मुखपृष्ठावर छापलेलं होतं. मी गणित मांडलं होतं: दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. खाडे पडत पडत बारावीच्या परीक्षेपर्यंत डी संपत आला. मग परीक्षा, मग वसतिगृह, मग पुणं. कोश फळीवरच राहिला.

हा उद्योग करणारा मी एकटा नाही हे नंतर कळलं. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, ‘अबॅन्डन’चा अर्थ सगळ्यांना येतो. एका अर्थाने आमच्या पिढीतल्या कित्येकांनी इंग्रजीत शिकलेलं पहिलं क्रियापद ‘सोडून देणे’ हे आहे, आणि आम्ही ते पाळलंही.

गेल्या वर्षभरात मी पुन्हा शब्दकोश वाचतोय. पाठ करायला नाही, नुसता चाळायला. आणि मला वाटायला लागलंय की आपण कादंबरीची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, हल्ली रील्सचीही करतो, पण शब्दकोशाची करत नाही. त्याला आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलंय. वाद झाला की कोश उघडायचा आणि निकाल मान्य करायचा. पण कोश माणसांनी लिहिलेला असतो. त्याला आवडीनिवडी असतात, त्यात चुका असतात, गाळलेल्या जागा असतात. म्हणून हा लेख. हद्द माझ्या इंग्रजीचीच ठेवतो, ए ते डी. क्वचित पुढे जाईन, तेव्हा सांगून जाईन.

*

आधी क्रमाबद्दल. अकारविल्हे किंवा ए-बी-सी-डीचा क्रम आपल्याला इतका नैसर्गिक वाटतो की तो कुणीतरी निवडला असेल हे लक्षातच येत नाही. संस्कृतमधला सगळ्यात प्रसिद्ध कोश म्हणजे अमरकोश. तो अक्षरांनुसार लावलेला नाही, विषयांनुसार लावलेला आहे. सुरुवात स्वर्गापासून, देवांपासून. पुढे पृथ्वी, नगर, डोंगर, वनस्पती, प्राणी, मग माणूस. आणि माणसानंतर एकामागून एक चार वर्ग: ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग. म्हणजे शब्द शोधायचा तर आधी त्या शब्दाची पायरी माहीत हवी. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून करवून घेतलेला राजव्यवहारकोशही दहा वर्गांचा आहे. पहिला राजवर्ग, शेवटचा पण्यवर्ग. आधी राजा, शेवटी बाजार. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी केलेल्या कोशात हा क्रम समजण्यासारखा आहे. पण तोही क्रमच आहे, आणि त्याला डोकं आहे, पाय आहेत.

इंग्रजीतला पहिला एकभाषिक अकारविल्हे कोश मानतात तो रॉबर्ट कॉड्रीचा ‘अ टेबल अल्फाबेटिकल’, सन १६०४. शब्द सुमारे अडीच हजार, तेही फक्त अवघड. अर्थ एकदोन शब्दांत उरकलेले. या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, हा कोश पंडितांसाठी नव्हता. स्त्रिया आणि ज्यांना लॅटिनचं शिक्षण मिळालं नाही अशी माणसं यांच्यासाठी आपण तो केला, असं शीर्षकपानावरच म्हटलं आहे. दोन, कोश कसा वापरायचा हे कॉड्रीला शिकवावं लागलं. अक्षरांचा क्रम पाठ करा, शब्द सुरुवातीच्या अक्षरातला असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीकडे बघा, शेवटच्या अक्षरातला असेल तर शेवटाकडे, अशा अर्थाच्या सूचना त्याने दिल्या आहेत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्रज वाचकालाही हे कळत नव्हतं. मला हे वाचून बरं वाटलं. इंग्रजी कोशाचा जन्म वर्गात बसू न दिलेल्यांसाठी झाला होता. मी त्यांच्याच रांगेत उभा होतो, फक्त चारशे वर्षं मागे.

आपल्या वर्णमालेच्या क्रमाला कारण आहे. क-ख-ग-घ कंठातून, प-फ-ब-भ ओठांतून, मधले टाळू आणि दातांजवळून. आवाज घशापासून ओठांपर्यंत चालत येतो. ए-बी-सी-डीला असं काही कारण नाही. ए नंतर बी का, याचं उत्तर ‘पूर्वीपासून’ एवढंच. पण हा निर्बुद्ध क्रमच कोशाला एक विलक्षण गोष्ट देतो. त्यात कुणाला पायरी नाही. डीमध्ये ‘ड्यूक’ येतो त्याच्या आधी ‘डक’ येऊन गेलेला असतो. सरदाराला बदकाच्या मागे उभं राहावं लागतं. आमच्या गावात पाण्याला, लग्नाच्या पंगतीला, मयताच्या रस्त्यालाही क्रम होता. कोशाच्या पानावर नव्हता. सोळाव्या वर्षी मला हे असं मांडता आलं नसतं, पण कोश वाचताना मोकळं वाटायचं, एवढं आठवतं.

*

क्रम समतेचा आहे, पण अर्थ तसे नाहीत. इथून समीक्षेला सुरुवात होते.

सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला १७५५ साली. करार १७४६चा, पंधराशे गिनींचा. तीन वर्षांत करतो म्हणाला, लागली नऊच्या आसपास. बेचाळीस हजारांवर शब्द, आणि शब्द कसा वापरतात हे दाखवायला लेखकांची लाखाहून जास्त अवतरणं. मदतीला सहा लेखनिक, त्यातले पाच स्कॉटिश. आणि तरी ‘ओट्स’च्या अर्थात त्याने ठेवून दिलंय की हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं खातात. पाच स्कॉटिश माणसं त्याच खोलीत बसून हे उतरवून घेत असतील. कोशकाराला त्याने निरुपद्रवी ढोरमेहनत करणारा म्हटलंय. ‘डल’ या शब्दाच्या एका अर्थाला उदाहरण म्हणून शब्दकोश करण्याचंच काम दिलंय. तो डीमध्ये कंटाळला होता, मीही डीमध्येच कंटाळलो. आमच्यातलं एवढं साम्य मला पुरेसं आहे.

जॉन्सनच्या चुकाही प्रसिद्ध आहेत. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ त्याने चक्क गुडघा असा दिला. एका बाईंनी विचारलं, असं कसं लिहिलंत? त्याने सांगितलं, अज्ञान, दुसरं काय. ‘नेटवर्क’सारख्या सोप्या शब्दाची त्याने केलेली व्याख्या इतकी अवघड आहे की ती समजायला दुसरा कोश लागतो. मला हा कोश आवडतो तो यामुळेच. माणूस लपलेला नाही. त्याचा राग, विनोद, पूर्वग्रह सगळं उघड्यावर आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येतं. आजचे कोश सभ्य आहेत. ते कर्मणी प्रयोगात बोलतात: मानले जाते, वापरले जाते. कोण मानतं, कोण वापरतं, ते सांगत नाहीत. जॉन्सनचा पूर्वग्रह दिसतो, त्यांचा शोधावा लागतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तिच्यावर सिनेमाही आलाय. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली. १८७९ साली जेम्स मरी संपादक झाला. त्याने लोकांना आवाहन केलं: वाचा, शब्द सापडला की चिठ्ठीवर वाक्यासकट उतरवा, पाठवा. घराच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत त्या चिठ्ठ्या खणाखणांत लावल्या जायच्या. मरीची मुलंही चिठ्ठ्या लावायला बसायची. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला एक खुनी अमेरिकन डॉक्टरही होता. पहिला भाग १८८४ साली निघाला, ए पासून ‘अ‍ॅन्ट’पर्यंत. शेवटचा १९२८ साली. मरी १९१५ सालीच वारला, टीपर्यंत पोचून. चार लाखांवर शब्द, अठरा लाखांवर अवतरणं. साडेपाच वर्षांचं माझं गणित आणि दहा वर्षांचं त्यांचं गणित, दोन्ही चुकली. त्यांचं सत्तर वर्षांनी पुरं झालं, एवढाच फरक.

पण या महाकोशात काय नव्हतं ते बघा. लैंगिक अवयवांचे आणि क्रियांचे जे शब्द इंग्लंडमधलं प्रत्येक पोर जाणत होतं, त्यातले दोन सगळ्यात प्रसिद्ध शब्द गाळलेले होते. ते आले १९७२ सालच्या पुरवणीत. दुसरा शब्द गाळला नाही, हरवला: ‘बाँडमेड’. त्याच्या चिठ्ठ्या कुठल्यातरी गठ्ठ्याखाली राहिल्या आणि बीचा भाग छापून झाल्यावर सापडल्या. तो १९३३ सालच्या पुरवणीत गेला. अर्थ आहे दासी, गुलाम बाई. हा निव्वळ अपघात होता, त्यातून मोठा सिद्धान्त काढणं बरोबर नाही. तरी मी बीमध्ये आलो की तिथे एक क्षण थांबतो. लाखो शब्दांतून हरवायचा होता तो नेमका घरकाम करणाऱ्या बाईचा शब्द हरवला.

उलटंही होतं. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द आला. अर्थ दिला होता घनता. असा शब्द कुठल्याच भाषेत नव्हता. घनतेसाठी ‘मोठा डी किंवा छोटा डी’ हे संक्षेप वापरतात, अशी एक चिठ्ठी होती. ‘डी ऑर डी’ हे कुणीतरी सलग वाचलं आणि शब्द तयार झाला. १९३९ साली संपादकाच्या लक्षात येईपर्यंत ‘डॉर्ड’ पाच वर्षं सन्मानाने जगला. दासी बाहेर आणि डॉर्ड आत. त्यामुळे कोशात आहे म्हणून शब्द खरा आणि कोशात नाही म्हणून खोटा, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

*

हसू आता येतं. तेव्हा दुसरेच हसले होते.

शिक्षण संपल्यावर एका मुलाखतीत मला कर्जाबद्दल विचारलं. मी उत्तर इंग्रजीत सुरू केलं आणि ‘डेब्ट’ म्हणालो. शब्द डीतला, माझ्या हक्काचा, अर्थ तोंडपाठ. पण खिशातल्या कोशात उच्चार दिलेले नव्हते. समोरच्या तिघांपैकी एकजण हसला. दुसऱ्याने दुरुस्त केलं, “डेट.” मला वाटलं ते तारीख विचारतायत. मी तारीख सांगितली. मग तिघेही हसले.

त्या ‘बी’ची गोष्ट मला कितीतरी वर्षांनी कळली. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, तेव्हा त्यात बी नव्हताच. लोक बोलत होते तसं लिहीत होते. पुढे लॅटिनच्या अभिमानी विद्वानांना वाटलं की मूळ लॅटिन शब्दात ‘ब’ आहे, तेव्हा तो लिहायला पाहिजे. त्यांनी बी घुसवला. बोलणाऱ्यांनी मनावर घेतलं नाही. ‘डाउट’मधला बीही असाच. म्हणजे ते अक्षर उच्चारासाठी कधीच नव्हतं, आम्हाला लॅटिन येतं हे दाखवण्यासाठी होतं. मी त्या बीला प्रामाणिकपणे उच्चारलं आणि अडाणी ठरलो.

इथे फोनला त्याचं श्रेय द्यायला हवं. आज शब्द टाईप करा, शेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, दाबा, उच्चार ऐका. माझ्याकडे तेव्हा ते असतं तर ती मुलाखत वेगळी झाली असती. जुनी पुस्तकं किती छान आणि फोन किती वाईट, असलं मी काही म्हणणार नाही. छापील कोशाने माझी फजिती केली आहे.

*

डीमध्ये आपल्या मुलखाचेही शब्द आहेत. ते माझ्या खिशातल्या कोशात नव्हते, मोठ्या कोशांत आहेत. ‘डंगरी’ हे जाड कापड आणि त्याचे कामगारी कपडे. हे नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहायचे. उकाडा, रिकामपण, ताप. त्यातून ‘डूलॅली टॅप’ हा वाक्प्रचार निघाला, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. डीच्या बाहेर एमपर्यंत गेलं तर ‘माँगूस’ भेटतो, तो आपला मुंगूस. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश काढला, तो सगळा अशा हिंदुस्थानी शब्दांचाच. चाळायला त्याच्याइतका मजेशीर कोश दुसरा नाही.

आपले शब्द इंग्रजीत बघून छाती फुगते. पण यादी पुढे वाचा. ‘कूली’ आहे. ‘पराया’ आहे, म्हणजे इंग्रजीतला ‘पराइया’. वाळीत टाकलेल्या माणसाला, देशाला, संघटनेला आजही इंग्रजी वर्तमानपत्रं हा शब्द सर्रास वापरतात. तो तमिळमधल्या परैयर या जातीच्या नावावरून आला. ‘परै’ म्हणजे ढोल, परैयर म्हणजे तो ढोल वाजवणारे. हिंदुस्थानातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही इंग्रजीने हेच नाव दिलं. एका जिवंत समाजाचं नाव शिवी झालं, मग उपमा झाली, आणि कोशात त्याच्यापुढे व्युत्पत्ती लिहिलेली असते: तमिळ. इतकं कोरडं.

आणि आता हद्द ओलांडून यूमध्ये जातो, कारण न जाता हा लेख पुरा होणार नाही.

‘अनटचेबल’. पहिल्यांदा हा शब्द मी इंग्रजी क्रिकेट समालोचनात ऐकला. एका गोलंदाजाचं कौतुक चाललं होतं. आज हा माणूस अनटचेबल आहे. मी टीव्हीसमोर गोंधळून बसलो. घरी दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं. मग कोश पाहिला. इंग्रजी कोशांत या शब्दाखाली दोन अर्थ शेजारी असतात. एक, ज्याच्या जवळपासही कुणी जाऊ शकत नाही असा श्रेष्ठ. दोन, हिंदू समाजव्यवस्थेत ज्याचा स्पर्श विटाळ मानला जाई असा. शिकागोच्या गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध लढणाऱ्या, लाच न घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना अमेरिकेत हेच नाव पडलं. त्यांच्यावर १९५९ साली टीव्ही मालिका सुरू झाली, १९८७ साली सिनेमा आला. बाबासाहेबांचं अस्पृश्य मूळचे कोण होते याबद्दलचं इंग्रजी पुस्तक १९४८चं. ग्रंथालयाच्या यादीत शीर्षकानुसार लावलं तर ते पुस्तक आणि तो सिनेमा शेजारी येतील.

ए-बी-सी-डीचा हा क्रम मला आवडतो असं मी वर लिहिलं. इथे तोच क्रम मला अपुरा वाटतो. कोशात अर्थांना एक, दोन असे आकडे असतात, आणि एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जायला अर्धा सेकंद लागतो. आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या, आणि अजून पहिल्या अर्थापर्यंत आम्ही पोचलेलो नाही. मराठीत ‘अस्पृश्य’ हा शब्द कौतुकाने कधीच कुणी वापरलेला नाही, वापरणार नाही. दोन भाषांतला हा फरक कुठल्याही इंग्रजी-मराठी कोशात लिहिलेला नसतो. तिथे फक्त प्रतिशब्द असतो.

*

प्रतिशब्दाबद्दलच माझी मुख्य तक्रार आहे. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा, मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशानंतरचा. त्यानंतर इंग्रजी-मराठी कोशांची मोठी परंपरा झाली, आणि तिचं ऋण माझ्यावर आहे. पण हे सगळे कोश एका गोष्टीवर उभे आहेत: स्वल्पविराम. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेयही कँडींनाच दिलं जातं, तेव्हा हे ठीकच.

माझ्या खिशातल्या कोशात ‘क्लीन’पुढे असं होतं: स्वच्छ, शुद्ध, पवित्र. तीन शब्द, दोन स्वल्पविराम. सोळाव्या वर्षी मी ते तसंच पाठ केलं. आज वाटतं, त्या दोन स्वल्पविरामांत केवढा प्रदेश गिळलेला आहे. आमची आजी रोज अंगण सारवायची, भांडी राखेने घासायची. घर स्वच्छ होतं. ते शुद्ध आहे असं गावातलं कुणी म्हणालं असतं का? उलट गावातली नदी पवित्र होती, स्वच्छ मुळीच नव्हती. इंग्रजी शब्दाला हे तीन मराठी शब्द जोडताना कोशकाराला वाटलं असेल की आपण समानार्थी शब्द देतोय. आपल्याकडे या तीन शब्दांच्या मधोमध भिंती आहेत. स्वल्पविराम त्या भिंतीवरून उडी मारून जातो.

उलट बाजूने मराठीतला ‘सोवळं’, ‘विटाळ’, ‘उष्टं’ घेऊन इंग्रजीत जा. एका शब्दाला एक शब्द मिळत नाही, वाक्यं लिहावी लागतात. मला वाटतं, तिथे कोश जास्त प्रामाणिक होतो. ज्याला प्रतिशब्द सापडत नाही त्याला समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगताना माणूस उघडा पडतो. चांगला द्विभाषिक कोश तो, जो प्रतिशब्द देताना थोडा अडखळतो. माझा कोश कधीच अडखळला नाही.

डीमधला शेवटचा शब्द: ‘दलित’. हाही आता इंग्रजी कोशांत आहे. ज्या संस्कृत धातूपासून तो आला त्याचा अर्थ फुटणं, भरडलं जाणं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि हा शब्द कविता, मोर्चे, पोस्टर यांच्यातून जगभर गेला. ‘पराइया’ आणि ‘अनटचेबल’ ही दुसऱ्यांनी दिलेली नावं. ‘दलित’ हे घेतलेलं नाव. इंग्रजीच्या क्रमात तो त्या दोन्हींच्या आधी येतो, तो योगायोग आहे, मला त्यात अर्थ शोधायचा नाही. पण मी त्या पानावर आलो की जास्त वेळ थांबतो. आमच्या खिशातल्या कोशात तो नव्हता. आबांनी विचारलंही होतं, “आपला शब्द नाही का यात?” मी ‘नाही’ म्हणालो होतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की ज्यांच्या फोटोखाली हा कोश ठेवलाय त्या माणसाने स्वतः एक शब्दकोश केला होता, पालीतून इंग्रजीत अर्थ देणारा. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात तो आहे. एवढं काम असलेला माणूस बसून शब्दांच्या याद्या करत होता. धर्म बदलायचा तर त्या धर्माचे शब्द आपल्या हातात हवेत, हे त्यांना कळलं होतं, असं मी समजतो.

*

फोनवरच्या कोशात शेजारी नसतात. तुम्ही शब्द टाकता, तो एकटा येतो, अर्थ सांगतो, जातो. शोधायला शब्द आधी माहीत असावा लागतो. ‘डेब्ट’ शोधताना ‘डाउट’ दिसत नाही, ‘डल’ शोधताना जॉन्सनचा विनोद दिसत नाही. माहीत नसलेलं भेटायचं असेल तर चाळावं लागतं. आणि हे फोनवरही करता येतं. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. लोकलमध्ये रील्सच्या मधे दहा मिनिटं कुठलंही पान उघडा. फक्त वाचताना विचारत राहा: हा अर्थ कुणी लिहिला, तो कुठे उभा होता, आणि मी कुठे उभा आहे?

ऑक्सफर्डच्या जुन्या कोशातला अगदी शेवटचा शब्द ‘झिक्स्ट’ होता. ‘सी’ या क्रियापदाचं, केंट परगण्याच्या जुन्या बोलीतलं मेलेलं रूप. अर्थ: तू पाहतोस. २०१७ साली त्याची शेवटची जागा एका किड्याच्या नावाने घेतली. मला आधीचा शेवट बरा वाटायचा.

मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा फळीवरून कोश काढला. खाकी कव्हर तसंच आहे, कडा उंदरांनी कुरतडल्यात. आबांचे डोळे आता अधू झालेत. त्यांनी पुस्तक हाताने चाचपून ओळखलं आणि म्हणाले, “कुठं राहिलं होतं आपलं?” मी म्हणालो, डी संपला होता. “मग पुढचं घे.”

ईचं पहिलं पान उघडलं. पहिला शब्द ‘ईच’. अर्थ: प्रत्येक. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला. मग आम्ही उरलेले नऊ वाचले.